रिमोटवरचा अंगठा

आमच्या घरात सिनेमा बघताना कुणा एकाचा अंगठा कायम रिमोटवर असायचा. बहुतेक वेळा माझाच. पात्रं हळू बोलायला लागली की आवाज वाढवायचा. वाढवून दोन वाक्यं पदरात पडतात न पडतात तोच गाडी उलटायची, नाहीतर पार्श्वसंगीताला जोर चढायचा, की घाईघाईने कमी करायचा. तेवढ्या वेळात आतल्या खोलीतून सासूबाईंचा प्रश्न आलेलाच असायचा, "काय पडलं गं?" एकदा मी ठरवून मोजायला बसले होते, एका सिनेमात किती वेळा अंगठा चालतो ते. तेवीसपर्यंत मोजलं आणि मग लक्षात आलं की खुनी कोण ते कळलंच नाही.

आधी मी सिनेमावाल्यांना दोष दिला, मग स्वतःच्या कानांना. पन्नाशी उलटली होती, म्हणून कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंनी फार छान समजावलं. वयानं आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत, दणकट. पण स, श, त, थ, फ या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते आणि ती असतात नाजूक. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ऐकून मी मनाची तयारी करून बसले होते, तर माझा अहवाल निघाला वयाच्या मानाने ठाकठीक. शिवाय वीस वर्षांची लेकही माझ्याइतकीच "काय म्हणाला तो?" करत होती. म्हणजे रोग कानांत नव्हता.

टीव्हीला जोडलेलं आमचं यंत्र आठ वर्षांपूर्वीचं. एका खोक्यात अख्खं थिएटर, असं काहीसं त्या खोक्यावर छापलं होतं. आत पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा मोठा स्पीकर. खोक्यावर वॅटचा असा प्रचंड आकडा होता की त्या वीजेवर एखादी गिरणी चालली असती. पुढे कळलं की ते 'पीएमपीओ' नावाचे वॅट होते. एखाद्या क्षणार्धापुरती, कागदावर मांडलेली ती ताकद. मोजायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती ताकद, तो खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत होता आणि फारच नम्र होता.

या सहा जणांची आम्ही लावलेली वासलात सांगायला आज लाज वाटते. समोरचे दोघे टीव्हीला अगदी चिकटून. मधला, ज्याला सेंटर म्हणतात, तो कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, काचेच्या दारामागे, कारण दिसायला बरं. मागे लावायचे दोघे कपाटाच्या माथ्यावर शेजारी शेजारी, कारण तारा मागच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हत्या. आणि सबवूफर कोपऱ्यात, डोक्यावर झाडाची कुंडी घेऊन.

भाचा आला होता तेव्हा हे सगळं उघडकीला आलं. तो या विषयातला वेडा. त्याच्यासमोर मी नुसतं म्हणाले, की आता नवीन, मोठ्या आवाजाचं काहीतरी घेऊ या. त्याने काही न बोलता टॉर्च घेतला आणि कपाटामागे डोकं घातलं. बराच वेळ तिथेच होता. मग आतूनच म्हणाला, "मावशी, इथं एक लाल आणि एक पांढरी अशा दोनच तारा आहेत."

"बरोबर. लावून देणाऱ्याने तशाच लावल्यात."

"अगं, दोन तारांतून दोनच आवाज येतात. डावा आणि उजवा. बाकीचे चार जण आठ वर्षं अंदाजपंचे वाजतायत."

म्हणजे टीव्हीकडून यायचे दोन आवाज, आणि आमचं यंत्र त्यातूनच थोडं इकडे, थोडं तिकडे वाटून सहा जणांची समजूत काढायचं. वर त्याने मोबाइलवरून एक चाचणी लावली. तिच्यात एक बाई आधी "डावा" म्हणते आणि मग "उजवा". आमच्याकडे डावा उजवीकडून बोलला आणि उजवा डावीकडून. आठ वर्षं आमच्या घरात सगळ्या गाड्या पडद्यावर एकीकडे जात होत्या आणि आवाजात उलट दिशेला. कुणालाही, एकदाही, काहीही खटकलं नव्हतं. आवाज कमी म्हणून तक्रार करणाऱ्या बाईने ऐकलं किती होतं, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा पडला. (नवऱ्याला तो पडला नाही. तो म्हणाला, "मला वाटायचंच काहीतरी." यावर काय बोलणार.)

डाव्या-उजव्याची ही गोष्ट ज्याला खटकली होती असा एक माणूस होऊन गेला. ॲलन ब्लमलाइन, इंग्लंडमधला इंजिनिअर. १९३१च्या सुमारास तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता असं सांगतात. तेव्हा बोलपट नवे होते आणि आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. पात्र पडद्याच्या या टोकाला, आवाज भलतीकडून. त्यावर तो बायकोला म्हणाला म्हणे, की आवाज पात्राबरोबर चालवायची युक्ती मला सुचली आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा बराचसा पाया त्या एका कागदपत्रात आहे. पुढे महायुद्धात तो रडारवर काम करत होता. १९४२ मध्ये त्याच रडारची चाचणी घेणारं विमान कोसळलं आणि त्यात तो गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. त्याचा शोध घराघरात पोचला तो तो गेल्यावर. आणि माझ्या घरात पोचला तर मी तो उलटा लावून ठेवला.

भाच्याने जाताना एकच अट घातली. महिनाभर काही विकत घ्यायचं नाही. आहे तेच नीट लावायचं आणि ऐकायचं. मला ही अट मुळीच आवडली नाही. नवीन वस्तू घ्यायची ठरली की ती घेईपर्यंतच्या काळात जी एक गोड हुरहुर असते ती माझ्यात पुरेपूर भरलेली होती. पण एवढं सगळं उघडं पडल्यावर तोंड वर करून बोलायची सोय राहिली नव्हती.

मग सुरू झाला सरकवासरकवीचा महिना. आधी सेंटर काचेमागून बाहेर काढला. सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं या मधल्या स्पीकरवर सोपवलेलं असतं, आणि आम्ही नेमका त्यालाच कोंडून ठेवला होता. तो टीव्हीच्या पायथ्याशी ठेवला, अगदी खणाच्या कडेला, आणि त्याच्या पुढच्या बाजूखाली दाराला लावायचं रबरी अडण सरकवलं, म्हणजे त्याचं तोंड आमच्या गुडघ्यांऐवजी कानांकडे झालं. समोरचे दोघे टीव्हीपासून लांब केले. आपण बसतो ती जागा आणि हे दोघे मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीस-तीस अंश, असा संकेत आहे. सोफा टीव्हीपासून २.६ मीटरवर होता. स्पीकरमध्ये त्या हिशेबाने लागणारं अंतर टाकायला एका बाजूला दार आडवं आलं, तेव्हा २.२ वर समाधान मानलं. लाल-पांढऱ्या तारांच्या जागी एचडीएमआयची, म्हणजे सगळे आवाज एकत्र नेणारी, एकच तार घालता येईना, कारण जुन्या यंत्राला तशी सोयच नव्हती. डाव्या-उजव्याची मात्र अदलाबदल केली.

मग सोफा. तो भिंतीला टेकलेला होता. तो पुढे ओढायचा म्हटल्यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी टीव्ही घेतानाही झाली नव्हती. पण डोक्यामागे लगेच भिंत असली की समोरून आलेला आवाज तिच्यावर आपटून जवळजवळ त्याच क्षणी पुन्हा कानात शिरतो आणि सगळं गढूळ होतं. सोफा पाऊण हात पुढे आला, मागे पुस्तकांचं कपाट सरकवलं. आणि भाच्याने फोनवर सांगितलं, "आता खोलीच्या मध्ये उभी राहा आणि एक जोरात टाळी वाज."

वाजवली. टाळी वाजली आणि मागोमाग एक बारीक 'टर्रर्र' असा, पत्र्यावर खडे सांडल्यासारखा आवाज आला. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी ये-जा करत होती. या घरात मी वीस वर्षं राहते आहे. त्या भिंती दर काही वर्षांनी रंगवल्या आहेत, पण त्या बोलतात हे माहीत नव्हतं.

या बोलणाऱ्या भिंतींचं शास्त्र ज्याने उभं केलं त्या वॉलेस सॅबिनबद्दल वाचताना मला सगळ्यात मजा आली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना. एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद तिथेच रेंगाळायचा, तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळायचे. हे सुधारायचं काम भौतिकशास्त्राच्या या तरुण प्राध्यापकावर आलं. त्याने काय करावं? जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उसन्या आणायच्या, व्याख्यानगृहात पसरायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर टिपायचा. मग गाद्या वाढवायच्या, पुन्हा टिपायचा. आणि पहाटेच्या आत सगळ्या गाद्या परत नेऊन ठेवायच्या. अशा कितीतरी रात्री. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडा बदलतो. तेव्हा त्याने हजारो नोंदी फेकून दिल्या आणि पुढचं सगळं काम रोज तेच ते कपडे घालून केलं. त्यातून निघालेला निनादाचा नियम आजही वापरतात. खोली जेवढी मोठी तेवढा आवाज जास्त रेंगाळणार, आणि तो पिऊन टाकणाऱ्या मऊ वस्तू जेवढ्या जास्त तेवढा लवकर विरणार. १९०० मध्ये उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची आखणी त्याच्याच सल्ल्याने झाली.

मला गाद्या उसन्या आणायची गरज नव्हती. माळ्यावरचा जाड गालिचा सोफ्यापुढे आला. खिडकीचे पातळ पडदे जाऊन जाड, चुणीदार आले. ही या महिन्यातली एकमेव खरेदी, आणि ती कापडाची म्हणून अटीत बसवली. पुन्हा टाळी वाजवली. 'टर्रर्र' गेलं. नुसती टाळी उरली, कोरडी. त्या रात्री सिनेमात अंगठा किती वेळा चालला ते मोजलं नाही, पण आतून "काय पडलं गं" आलं ते एकदाच.

खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण मी थांबले नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही.

एका खोक्यातल्या थिएटरची अडचण अशी, की त्यातला एक गडी बदलता येत नाही. स्पीकरची टोकं त्याच यंत्रात बसतील अशी, आणि त्यांचा अवरोधही, म्हणजे विजेला होणारा अडथळाही, जगावेगळा, तीन ओहम. बाहेर मिळणारे स्पीकर साधारण सहा-आठ ओहमचे असतात. म्हणजे बदलायचं तर मेंदूपासून बदलायचं. हा मेंदू म्हणजे रिसीव्हर. आवाजाच्या सगळ्या वाहिन्या, डावी, उजवी, मधली, त्याच्यात येतात, तो त्यांची वाटणी करतो आणि ताकद देतो. मी वॅटचे तक्ते घेऊन बसले. पन्नासवाला घ्यावा की शंभरवाला? भाच्याने एका वाक्यात हवा काढली. दुप्पट वॅट म्हणजे फक्त तीन डेसिबल, म्हणजे कानाला 'थोडंसं वाढलं' इतकंच. दुप्पट मोठं वाटायला हवं तर दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॅट. उलट स्पीकर निवडताना त्याची संवेदनशीलता बघितली, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल देतो, तर ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेणं म्हणजे वॅट दुप्पट करण्यासारखंच. आणि घरात साध्या बोलण्यासाठी एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही. त्या एक वॅटच्या आत घडणाऱ्या गोष्टीसाठी मी शंभरांचे हिशेब मांडत होते.

तेव्हा मधल्या चालीचा रिसीव्हर, आणि पैसे मुख्यतः समोरच्या तिघांत. हे तिघे एकाच घराण्यातले असावेत असा आग्रह सगळेच धरतात आणि तो मला पटला. पात्र बोलत बोलत पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं तर वाटेत त्याचा घसा बदलू नये.

तारांच्या बाबतीत मी ऐनवेळी शहाणी झाले. सोन्याच्या मुलाम्याच्या, जाड वेणीच्या तारा बघून जीव हलला होता. पण आपल्या घरातल्या चार-पाच मीटरसाठी साधी, पुरेशी जाड तांब्याची तार पुरते. मी ती आणली, टोकं सोलली, आणि सोललेल्या टोकांतला एक केसाएवढा धागा शेजारच्या खुंटीला टेकला. रिसीव्हर चालू केला की दोन सेकंदांत 'टक' करून बंद. मला वाटलं, गेलं. पण ते यंत्र स्वतःला वाचवत होतं. धागा पिळून आत घेतला आणि ते शहाण्यासारखं सुरू झालं. पुढे आठवड्याने पुन्हा बंद पडायला लागलं, ते सिनेमाच्या तासाभरानंतर. त्याचं कारण मीच त्याला बंद कपाटात, डोक्याला फळी टेकवून ठेवलं होतं. ते तापत होतं. आता ते उघड्यावर आहे आणि त्याच्यावर काही ठेवायला सक्त मनाई आहे, कुंडीसुद्धा नाही.

सबवूफरची कथा वेगळी. नवा सबवूफर जुन्याच कोपऱ्यात ठेवला आणि पहिल्याच रात्री असा काही घुमला की गोष्ट सोडून आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत बसलो. प्रत्येक खर्ज एकाच सुरात, 'घुं'. त्याला दोष देणार तेवढ्यात हिशेब कळला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. आमची खोली ४.३ मीटर लांब. हा वेग खोलीच्या दुप्पट लांबीने भागला की ४० येतात. म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा सूर या दोन भिंतींमध्ये असा चपखल बसतो की तो हलायलाच तयार नसतो. भिंतींजवळ तो फुगतो आणि खोलीच्या बरोब्बर मध्ये जवळपास नाहीसा होतो. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर अशा सगळ्याच सुरांना चेतवतो. आणि इथे पडदे-गालिचे काही कामाचे नाहीत, कारण या सुराची एकेक लाट साडेआठ मीटरची. तिला पडदा म्हणजे माश्यांची जाळी.

यावरचा उपाय असा आहे की तो कुणी बघत नसताना करावा. सबवूफर उचलायचा आणि आपण बसतो तिथे, सोफ्यावर ठेवायचा. खर्जातलं काहीतरी लावायचं. आणि आपण गुडघ्यांवर, कान जमिनीलगत ठेवून, भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे खर्ज स्वच्छ, प्रत्येक सूर वेगळा ऐकू येईल तिथे थांबायचं. सबवूफरची जागा ती. मी अशी रांगत टीव्हीच्या कपाटाच्या डावीकडे पोचले होते तेव्हा सासूबाई पाणी प्यायला बाहेर आल्या. सोफ्यावर एक काळी पेटी, जमिनीवर सून. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काय हरवलंय? मी शोधू का?" त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तिथं खिडकीपाशी मला बरं वाटतंय." मी रांगत तिकडे गेले. खरंच तिथे बरं होतं. पुढच्या भिंतीच्या साधारण एक-तृतीयांशावर. सबवूफर आज तिथे आहे. त्यांनी हे श्रेय अजून सोडलेलं नाही, आणि सोडूही नये.

उरलं होतं मोजमाप. या रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक मिळतो. तो कानांच्या उंचीवर ठेवायचा, म्हणजे यंत्र एकेका स्पीकरमधून 'फुईप' असा चढता सूर सोडतं आणि तो माइकपाशी कधी पोचला, किती पोचला ते मोजतं. आवाज ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद घेतो. जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवायचं, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकाच वेळी कानाशी येतो. तंबोऱ्याच्या तारा एकमेकींशी जुळवाव्यात तसंच हे.

माइक कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर लावला, बटण दाबलं, आणि पडद्यावर उत्तर आलं की खोलीत फार आवाज आहे.

मला वाटलं, शांतच तर आहे. पंखा बंद केला. तेव्हा फ्रिज ऐकू आला. त्याचा प्लग काढला. तेव्हा लेकीच्या संगणकाचा पंखा ऐकू आला. तो बंद केला. खिडक्या लावल्या. लांबवर कुत्रा होता, तो थांबेपर्यंत आम्ही तिघं जण घामेजून, एकमेकांकडे बघत उभे. मग टिक, टिक. भिंतीवरचं घड्याळ. त्याचा त्या माइकला काही फरक पडला नसावा, पण मला पडला. मी ते काढून आतल्या खोलीत पलंगावर, उशीखाली ठेवलं. आणि मग आमच्या बैठकीच्या खोलीत जे काही उरलं ते मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. राहती, बऱ्यापैकी शांत खोली म्हणजे तीस ते चाळीस डेसिबल. साधं बोलणं साठच्या आसपास. कुजबुज तीसेक. म्हणजे पंखा आणि फ्रिज मिळून आमच्याकडे कुजबुजीच्या डोक्यावर बसलेले होते, आणि ती ऐकू यावी म्हणून मी आठ वर्षं सिनेमाच मोठा करत होते.

मोजमापात आणखी एक चोरी पकडली गेली. डाव्या स्पीकरपुढे यंत्राने खूण केली, तारा उलट्या असाव्यात. बघितलं तर लाल-काळ्याची अदलाबदल मीच केलेली. एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. ती सुधारली. सबवूफर त्याने ३.९ मीटरवर असल्याचं सांगितलं, प्रत्यक्षात तो २.४ वर. मी फीत घेऊन भांडायला निघाले होते, पण भाचा म्हणाला राहू दे, त्याच्या आतल्या सर्किटमुळे त्याचा आवाज निघायला थोडा उशीर होतो, यंत्र तो उशीरही अंतरात धरतं. समोरच्या दोघांना यंत्राने 'मोठे', म्हणजे खर्जही पेलणारे, ठरवलं होतं. ते हाताने 'छोटे' केलं, आणि ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, खालचं सगळं सबवूफरकडे दिलं. छोटे म्हटल्याबद्दल त्यांना जरा वाईट वाटलं असेल, पण काम सगळ्यांचं हलकं झालं.

टीव्हीतली एक गोष्ट मात्र मी जवळजवळ विसरले होते. एचडीएमआयची तार टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीतला आवाज बाहेर पाठवणाऱ्या, खाचेतच घालावी लागते, आणि टीव्हीच्या आवाजाच्या यादीत खोल कुठेतरी 'पीसीएम' असा शब्द निवडलेला असतो. तो तसाच राहिला तर टीव्ही पुन्हा दोनच आवाज पाठवतो. म्हणजे आठ वर्षांपूर्वीचीच गत, फक्त महाग तारेतून. 'बिटस्ट्रीम', म्हणजे आवाज जसाच्या तसा पाठवायचा, हे निवडलं आणि रिसीव्हरच्या पाटीवर पहिल्यांदा ५.१ उमटलं, म्हणजे पाच वाहिन्या आणि एक खर्जाची.

त्या रात्री मुद्दाम एक बोलका, संथ सिनेमा लावला. लेकीला धडाकेबाज काहीतरी हवं होतं. सुरुवातीला काहीच झालं नाही. म्हणजे 'वा!' म्हणावं असं काही. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत होती, आणि आम्ही ऐकत होतो. वीसेक मिनिटांनी पात्राने वाक्य बोलण्याआधी श्वास घेतला, तो ऐकू आला. मग एक जण काही बोलायला तोंड उघडतो आणि बोलत नाही, हेही ऐकू आलं. नवऱ्याने रिमोट मागितला. मी म्हटलं, "आवाज कमी करायचाय?" तर म्हणाला, "नाही, मागे ने. तो काय बोलायचं टाळतोय ते परत बघू."

रात्री उशिरा, हळू लावला की सगळं पुन्हा जरा पातळ लागतं. त्याचंही कारण आता माहीत आहे. आवाज लहान झाला की आपल्या कानाला खर्ज इतरांपेक्षा जास्त कमी वाटतो. हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं. तेव्हा रात्रीपुरता सबवूफर थोडा वर, सेंटर दोन डेसिबल वर. रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो, तो मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो. सिनेमागृहात एकेका वाहिनीला १०५ डेसिबलपर्यंत उसळी घेता यावी असा हिशेब धरून आवाज बांधलेला असतो, आपल्याकडे शेजारी असतात. दिवसा मी नाइट मोड बंद ठेवते. उसळी हवी, आता तिची भीती वाटत नाही.

मागचे दोन स्पीकर अजून घेतलेले नाहीत. भाचा दर फोनला विचारतो. आता तर छताचंही काढतो. २०१२ पासून सिनेमागृहांत ॲटमॉस आलं, त्यात आवाज डोक्यावरूनही येतो, आणि घरासाठी वर तोंड करून वाजणारे स्पीकर मिळतात, जे छतावर आवाज आपटवून खाली आणतात. मी वर बघितलं. बरोबर त्या वाटेत पंखा आहे. म्हटलं, पाऊस पंख्यात अडकेल. तो हसला, पण मनातून त्याला वाईट वाटलं असावं. घेईन कदाचित मागचे दोन. अजून समोरच्या तिघांत ऐकायचं पुष्कळ बाकी आहे.

सोफ्याच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीच्या चार खुणा केल्यात, झाडताना सरकला तरी जागेवर यावा म्हणून. फ्रिजचा प्लग त्या दिवशीच लावला, पंखा उकाड्यात लागतोच. घड्याळ तेवढं आतल्या खोलीत राहिलं आहे, आता उशीखाली नाही, खिळ्यावर. बैठकीच्या खोलीत त्याच्या जागी भिंतीवर एक फिकट गोल दिसतो. नवरा सवयीने त्या गोलाकडे बघतो आणि मग मला विचारतो, किती वाजले.